दैवाचा जमाखर्च
पेडणे-डिचोलीच्या जत्रांतून मांडला जाणारा जुगार समाजाने कधी डोळेझाक करून, कधी फौजदारी बडगा दाखवून सोसला. परंतु १९९२ च्या कायदादुरुस्तीने गोव्यातील पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांस मुभा मिळाली आणि दैवाला नवा कारभारी लाभला. या यंत्राची प्रत्येक फेरी मागील फेरीपासून सर्वथा स्वतंत्र असल्यामुळे, ‘इतके हरलो, आता फळ मिळणारच’ हा नवख्याचा कर्मसिद्धान्त तेथे निराधार ठरतो. स्मृती असते ती कॅसिनोच्या सदस्यत्वाच्या कार्डाला. आणि तेही, जय-पराजयाची फारशी तमा न बाळगता, मुख्यतः लावलेल्या रकमेच्या हिशेबाने भोजन-निवासाची सवलत देते. निष्काम कर्माचे इतके चोख विडंबन क्वचितच आढळेल! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील द्यूतकाराला सविता फासे सोडून शेती करण्यास सांगतो. कार्डधारकाला मात्र पुनरागमनाचे निमंत्रण येते.