खिडकीबाहेरचे पाच दिवस

जपानमधल्या अनेक नगरपालिकांत कर्मचाऱ्याला वर्षातून पाच दिवस एक वेगळी रजा घेता येते. घरचं लग्नकार्य किंवा आजारपण यासाठी ती नाही. संकटात सापडलेल्यांच्या, वृद्धांच्या, अपंगांच्या उपयोगी पडण्यासाठी ती आहे. पगार चालू राहतो. मात्र जिथे राबायचं तिथून मोबदला घ्यायचा नाही. कुठे जाणार, काय करणार, हे अर्जात आधी लिहून द्यावं लागतं. त्यातली एक अट मला फार मोलाची वाटते. केवळ आपल्याच नातेवाइकांना मदत करायची असेल, तर ही रजा मिळत नाही.

या रजेमागे कोबे शहराचं दुःख आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास तिथे भूकंप झाला आणि ६,४३४ माणसं गेली. महापालिकेच्याच एका इमारतीचा सहावा मजला पार चिरडला. ज्यांची स्वतःची घरं पडली, असे कर्मचारीही कामावर उभे होते. तेव्हा देशभरातून लोक धावून आले. वर्षभरात ते १३ लाखांवर गेले. शाळांमधल्या निवाऱ्यांत त्यांनी पाणी वाहिलं, मदतीची खोकी फोडून कपडे, औषधं, खाणं वेगळं केलं. त्यांत तरुण पोरं पुष्कळ होती. नोकरदारांपैकी कित्येकांचं मन तिथे होतं, पण पाय कचेरीत अडकले होते. पुढे १ जानेवारी १९९७ पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी ही रजा नियमांत आली आणि स्थानिक संस्थांनीही आपापल्या नियमांत ती घेतली.

पगार घेऊन केलेली सेवा ती सेवा कसली, असं कुणी विचारेल. मला हा आक्षेप पटत नाही. पाच दिवसांचा पगार बुडणार असेल, तर नगरपालिकेतला शिपाई, वाहनचालक, सफाई कामगार कधीच जाऊ शकणार नाही. मग सेवा करायची ती फक्त खाऊनपिऊन सुखी असलेल्यांनी, असं होईल. खरं तर गाळ उपसणं, पाण्याची लाइन जोडणं, टँकर अरुंद गल्लीत घालणं हे ज्यांना सफाईनं येतं, ती माणसं याच वर्गातली आहेत.

या रजेचं खरं महत्त्व मला आणखी एका गोष्टीत दिसतं. आपत्तीनंतर जपानमधली नगरपालिका प्रत्येक घराची पाहणी करून दाखला देते. घर पूर्ण पडलं की अर्धं, हे त्यात लिहिलेलं असतं आणि पुढची मदत बरीचशी त्यावर ठरते. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याला भिंतीचा कल मोजावा लागतो, छत बघावं लागतं, पुढचं घर गाठावं लागतं. घरातली म्हातारी काही सांगू लागली, तरी त्याच्याकडे थांबायला वेळ नसतो. त्याचा दोष नाही, त्याचं कामच तसं आहे. पण तोच माणूस रजा घेऊन दुसऱ्या एखाद्या गावी जातो, तेव्हा त्याच्या हातात फॉर्म नसतो. तो चिखलातून भांडी काढतो, धुतो, पालथी घालतो आणि ऐकत बसतो. परत कामावर आल्यावर त्याच्यासमोर तशाच दाखल्याचा अर्ज येईल, तेव्हा त्या कागदामागचं घर त्याला ठाऊक असेल.

कोबेच्या भूकंपानंतर सुमारे ४८ हजार तात्पुरती घरं उभी राहिली. वृद्धांना आणि अपंगांना तिथे आधी जागा दिली गेली. हेतू चांगलाच होता, पण शेजारपाजार तुटला आणि कित्येक जण बंद दाराआड एकटेच गेले. दार ठोठावून ‘चहाला येता का?’ एवढं विचारणारं माणूस तिथे हवं होतं. असं काम कुठल्याही खात्याच्या जबाबदाऱ्यांत बसत नाही. म्हणून त्यासाठी वेगळे दिवस काढून द्यावे लागतात.

आपल्याकडेही याचं बीज आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रक्तदानासाठी वर्षातून चार वेळा विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते. अवयवदात्याला ती ४२ दिवसांपर्यंत मिळते. रक्त देणाऱ्याचा दिवस सरकार आपला मानतं, तर श्रम देणाऱ्याचा का मानू नये? जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडमध्ये मुंबई परिसरातल्या महापालिकांची पथकं साफसफाईला गेली होती. त्यांनी मनापासून काम केलं. पण ती आदेशावरून गेली होती. स्वतःहून जाऊ इच्छिणाऱ्यासाठीही वाट असावी.

अडचण एकच, आणि ती खरी आहे: तो गेल्यावर त्याची खिडकी कोण सांभाळणार? शेजारच्या टेबलावरचा सहकारी. तो दुप्पट कागद हातावेगळे करतो, तेव्हा या सेवेत त्याचाही वाटा असतो, आणि तो वाटा कार्यालयाने उघडपणे मानला पाहिजे.

राज्य सरकारने मुभा द्यावी आणि आपल्या महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदांनी वर्षाला दोन दिवसांपासून का होईना, अशी रजा सुरू करावी. आणि असा कुणी मदतीला गेला म्हणून दाखला मिळायला एक दिवस उशीर झाला, तर आपण नागरिकांनी तेवढं थांबावं.