त्याला काय कळणार?

माझी मुंज झाली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि दादा अकरा वर्षांचा. क्रमाने आधी त्याची मुंज व्हायची. पण दादाला बोलता येत नसे. दोन-चार आवाज, हसणे आणि रडणे, एवढीच त्याची भाषा. पंचांग मिटता मिटता गुरुजी म्हणाले, "त्याला काय कळणार?" वडील गप्प राहिले. मातृभोजनाला आईने माझ्या ताटातला एक घास उचलून मागे बसलेल्या दादाच्या तोंडात घातला, तो फक्त मी पाहिला. गुरुजी माणूस वाईट नव्हते. पुढेही कित्येक वर्षे ते आमच्याकडे येत. शास्त्राचाही त्यांना पुरता आधार होता असे नाही. मुक्या-बहिऱ्या मुलाच्या मुंजीचा विचार आपल्या धर्मशास्त्रकारांनी केलेला आहे, आणि अशा वेळी मंत्र आचार्यानेच म्हणावेत अशी सोयही काहींनी सांगून ठेवली आहे. हे मला फार उशिरा समजले.

गुरुजींचा प्रश्न मला पुन्हा भेटला तो वसईच्या एका कॅथॉलिक स्नेह्यांच्या घरी. त्यांचा नातू मतिमंद. त्याला पहिले कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, द्यावा की नाही, यावर घरातच दोन तट पडले होते. कॅथॉलिक श्रद्धेप्रमाणे तो प्रसाद साक्षात ख्रिस्ताचे शरीर असतो. तेव्हा तो न समजता घेणे म्हणजे त्याचा अवमान, असे आजोबांचे म्हणणे. मुलाची आई म्हणे, समजून घेणारे तरी आपल्यात किती आहेत?

हा वाद नवा नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये दे लेपे नावाच्या धर्मगुरूची दोन बहिऱ्या बहिणींशी गाठ पडली. श्रद्धा ऐकण्याने येते, असे संत पॉल लिहून गेलेला. मग ज्यांना कानच नाहीत त्यांनी काय करावे? या मुली धर्मशिक्षणावाचून राहतील या काळजीने तो त्यांना हातवाऱ्यांनी शिकवू लागला, आणि त्यातून बहिऱ्यांची एक मोठी शाळा उभी राहिली. आपल्या मुंबईत १८८५च्या सुमारास बहिऱ्या-मुक्यांची शाळा निघाली, तीही लिओ म्यूरिन या कॅथॉलिक बिशपांच्या पुढाकाराने. कानाची अट अशी गेली. बुद्धीची राहिली.

तीही सैल करण्याचा यत्न झाला. पूर्वी मुलांना कम्युनियनसाठी दहा-बारा वर्षांपर्यंत, कोठे कोठे त्याहूनही अधिक, थांबवून ठेवीत. पोप दहावे पायस यांनी १९१० साली ते वय सातच्या आसपास आणले. प्रश्नोत्तरी घडाघडा म्हणता येण्याची गरज नाही. ही भाकर नेहमीच्या भाकरीहून वेगळी आहे एवढे मुलाला उमगले की पुरे. कायद्याच्या भाषेत एवढा कनवाळूपणा क्वचितच आढळतो. पण उमगले हे ओळखायचे कसे?

त्याचे उत्तर देणारी माणसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली. शिकागो येथे १९६०च्या दशकात सुरू झालेली 'स्प्रेड' ही पद्धत मला फार आवडली. तिच्यात वर्ग नाही, फळा नाही. प्रत्येक मतिमंद व्यक्तीला, मग ती सहा वर्षांची असो की पन्नास, एक प्रौढ सोबती मिळतो. दोघे शेजारी बसून मातीशी खेळतात, पाणी ओततात, फुले मांडतात. बोलणे जवळजवळ नाहीच. मन निवले की सगळे दुसऱ्या खोलीत जातात. तेथे मेणबत्ती असते, ग्रंथ असतो, आणि प्रमुख व्यक्ती एकेकापुढे येऊन, हात हातात घेऊन, नावाने हाक मारून एक छोटेसे वाक्य सांगते. आणि हे सोबती आधी स्वतः त्याच फुलापाण्याजवळ शांत बसून आलेले असतात, हे मला विशेष वाटते. आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला नाही, हा गर्व तेथे टिकणे कठीण.

तरी दारे सहज उघडली असे नाही. फ्रान्समधल्या एका जोडप्याला आपल्या दोन अतिशय विकल मुलांना घेऊन लूर्दच्या यात्रेला जायचे होते. लूर्द म्हणजे आजाऱ्यांचेच तीर्थ! तरी यात्रा नेणाऱ्यांनी सांगितले, मुलांना काही कळणार नाही आणि इतरांना त्रास होईल. ती चौघे एकटीच गेली. हॉटेलात त्यांना जेवण खोलीत दिले. पुढे १९७१च्या ईस्टरला तेथे अशाच कुटुंबांची यात्रा भरली. बारा हजार माणसे आली, त्यांत सुमारे चार हजार मतिमंद. ती घडवणाऱ्या दोघांपैकी जाँ व्हानिए या माणसाने काही स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्याच्या मृत्यूनंतर, २०२० साली, उघड झाले. हे लिहिताना लेखणी अडते. पण त्या यात्रेच्या गोष्टीबरोबर हेही सांगायलाच हवे.

अमेरिकेच्या बिशपांनी १९९५ साली नियम स्पष्ट केला: ओळख शब्दांत सांगता आली नाही तरी वागण्यातून, एखाद्या खुणेतून, आदराच्या मौनातून दिसली तरी चालेल. उदार नियम आहे. पण मला एक शंका छळते. खूण वाचणार कोण? आईच वाचणार, आणि आईला हवे तेच तिला दिसणार. शिवाय ज्याच्याजवळ खूणही नाही, त्याचे काय? याच चर्चमध्ये तान्ह्या मुलाचा स्नानसंस्कार होतो, तेव्हा त्याला काय कळते असे कोणी विचारीत नाही. पूर्वेकडच्या परंपरेत तर त्याच वेळी तान्ह्याला प्रसादही देतात. मग कळणे ही अट देवाची, की आपल्या नीटनेटकेपणाची? मला दुसरे वाटते. मात्र अट सरसकट काढली, तर त्या मुलाला शिकवण्याचे कष्टही कोणी घेणार नाही, ही आजोबांची भीती मला खोटी म्हणता येत नाही.

त्या नातवाला अखेर प्रसाद मिळाला. एरवी एक क्षण स्वस्थ न बसणारा तो मुलगा फादरांपुढे हात जोडून उभा राहिला म्हणतात. मी तेथे नव्हतो.

दादाचे मात्र मी पाहिले आहे. दिवाळीत आमच्या अंगणभर पणत्या असत, माजघरात कंदील, स्वयंपाकघरात चूल. त्या जाळांवर त्याने कधी हात धरला नाही. लक्ष्मीपूजनाची आरती झाली आणि निरांजन त्याच्यापुढे आले, की दोन्ही तळवे ज्योतीवरून फिरवून तो डोळ्यांना लावी आणि बराच वेळ तसाच राही. आई म्हणे, "बघ, त्याला कळते." मी तेव्हा कॉलेजात जात होतो. मी म्हणे, "आई, तो तुझे पाहून करतो."

मी कोणाचे पाहून करीत होतो, हे मला त्या वेळी सुचले नाही.