हरणाऱ्या संघाशीं निष्ठा

मनुष्याची निष्ठा मोठ्या प्रसंगींच पारखली जाते असें सामान्यतः समजतात. परंतु लहान गोष्टींतही तिची पारख होते. आणि लहान गोष्टींत मनुष्य सावध नसतो म्हणून ती पारख पुष्कळदां अधिक खरी असते. अशीच एक लहानशी गोष्ट आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. ज्या खेळाच्या संघावर आपण बाळपणापासून प्रेम केलें, तो संघ उतरणीस लागला, त्यांतील नांवाजलेले गडी गेले, त्यांच्या जागीं कोवळीं पोरें आलीं, आणि नवा हंगाम जवळ येतांच तीं सरावास लागलीं. अशा वेळीं त्या संघाचे म्हणून राहणें हा सद्गुण आहे, कीं नुसता हट्ट आहे?

ठाणें शहरांतील खोपट हें नांव आमच्या खेड्यांतील कित्येक वाचकांस तेथील एस्. टी. च्या स्थानकामुळें ठाऊक असेल. त्या वस्तींत, आणि तेथून कल्याण-डोंबिवलीपर्यंत, क्रिकेटचा जो संघ लोक आपला म्हणतात तो मुंबईचा. तिकडचीं मुलें खांद्यावर साहित्याची जड पिशवी घेऊन पहांटेच्या लोकलगाडीनें मुंबईच्या मैदानांवर जातात. 1948 सालीं तेथें डॉ. कांगा यांच्या नांवानें पावसाळी सामन्यांची एक मालिका सुरू झाली. भोंवतीं गवत वाढलेलें, खेळपट्टी ओली, चेंडू कधीं उसळतो तर कधीं जमिनीलगत सरपटतो. त्या चिखलांत ज्याचा पाय स्थिर राहिला त्याचा पाय पुढें कोरड्या भूमीवर डळमळत नाहीं, असें जुने खेळाडू सांगत आले आहेत. अशाच परिश्रमांतून मुंबईचा संघ पिढ्यान्पिढ्या घडत गेला.

या संघाचें पूर्ववैभव थोडक्यांत सांगितलें पाहिजे. रणजी करंडकाची स्पर्धा 1934-35 सालीं सुरू झाली. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत तो करंडक लागोपाठ 15 वेळां मुंबईनेंच नेला, आणि 2015-16 पर्यंत तिच्या विजयांची संख्या 41 झाली. मग मात्र दिवस पालटले. पुढच्याच वर्षीं अंतिम सामन्यांत गुजरातनें मुंबईस हरविलें. 2018-19 व 2019-20 या दोन हंगामांत मुंबईस बाद फेरीही गांठतां आली नाहीं. 2020-21 सालीं साथीमुळें स्पर्धाच झाली नाहीं. जून 2022 मध्यें अंतिम सामना आला, तो मध्य प्रदेशानें जिंकला. आणि 2022-23 सालीं पुन्हां बाद फेरीचें दार बंद. ज्यांच्या वडिलांनीं पराभव म्हणजे काय हें क्वचितच पाहिलें होतें, त्यांच्या मुलांस तो वर्षानुवर्षें गिळावा लागला.

येथें पहिला आक्षेप येतो. कोणी म्हणेल, ‘खेळ तो खेळ. जो संघ जिंकतो त्याचा खेळ पाहावा, आनंद करावा, आणि घरीं जावें. हरणाऱ्यासाठीं झुरण्यांत कसलें शहाणपण?’ हा विचार वरवर सोयीचा दिसतो. परंतु जो केवळ जिंकणाऱ्याबरोबर जातो त्याचें प्रेम संघावर नसतें, विजयावर असतें. त्यास आपण निष्ठावंत म्हणत नाहीं, पाहुणा म्हणतों. लग्नघरीं पंगतीस शंभर माणसें बसतात. पण दुष्काळाच्या सालीं त्याच घराच्या ओट्यावर जे दोघे येऊन बसतात, त्यांसच घरधनी आपले समजतो. पंगतीस येणें हें पाप नव्हे. मात्र पंगतीस येणाऱ्यानें सोयरिकीचा हक्क सांगूं नये.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. ‘तुम्ही निष्ठा निष्ठा म्हणतां, पण ती कोणाशीं? 1958 सालच्या संघांतला एकही गडी आज मैदानांत नाहीं. शिक्षक बदलले, कारभारी बदलले, शहराचें नांवसुद्धां बॉम्बेचें मुंबई झालें. मग राहिलें काय?’ हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आमचें उत्तर असें कीं, नदीचें पाणी रोज नवें असतें, तरी काठावरचें गांव तिला एकाच नांवानें हांक मारतें. कारण पाणी बदललें तरी पात्र राहतें. संघाचें पात्र म्हणजे ती शिस्त, ती शिकवण, तो मोठ्यांनीं लहानांस दिलेला वारसा. जोंपर्यंत कोणी घेणारा व कोणी देणारा आहे, तोंपर्यंत संघ तोच आहे.

हा वारसा ज्यांनीं सांभाळला त्यांत नेहमींच मानकरी होते असें नाहीं. पद्माकर शिवलकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज. 1972-73 च्या अंतिम सामन्यांत मद्रासेस त्यांनीं तमिळनाडूच्या एका डावांत अवघ्या 16 धावा देऊन 8 गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांचे एकंदर बळी 589 झाले. तरी देशाच्या संघांत त्यांस एकदांही कसोटी खेळावयास मिळाली नाहीं, कारण त्याच काळीं त्याच कलेंत बिशनसिंग बेदी होते. दुसरे अमोल मुझुमदार. 1994 सालीं पहिल्याच सामन्यांत त्यांनीं मुंबईसाठीं 260 धावा केल्या. पुढें वर्षेंच्या वर्षें धावा केल्या. पण देशाकडून बोलावणें आलें नाहीं. 2022 सालीं मुंबई अंतिम सामना हरली तेव्हां संघाचे शिक्षक तेच होते. आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजीं भारताच्या स्त्रियांच्या संघानें नवी मुंबई येथें जगज्जेतेपद मिळविलें, त्या संघाचेही शिक्षक तेच. जें स्वतःस मिळालें नाहीं तें दुसऱ्यांस मिळावें म्हणून झटणें, हें निष्ठेचें फार पिकलेलें रूप होय.

आतां मर्यादेची गोष्ट. निष्ठा म्हणजे आंधळेपणा नव्हे. जी भक्ति देवाची, ती चेंडू खेळणाऱ्या माणसांच्या पायीं ओतावी असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. आणि संघाच्या पराभवावरून जो घरीं बायकोमुलांवर राग काढतो त्यास निष्ठावंत न म्हणतां मूर्ख म्हणावें. तसेंच, खोटी स्तुति ही निष्ठा नव्हे. निवड चुकीची झाली तर चुकीची म्हणावें. परंतु सोडून जाणाऱ्याचा दोष आणि राहणाऱ्याचा दोष यांत अंतर असतें. एक दगड मारून निघून जातो. दुसरा तोच दगड उचलून भिंतींत कोठें बसतो हें पाहतो.

आणि निष्ठेचें ओझें एकाच बाजूवर नाहीं. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा चेंडूफळीचा खेळ आहे. त्यांत शिकागो शहराच्या कब्ज या संघानें 1908 सालीं जगज्जेतेपद मिळविलें आणि त्यानंतर तें पुन्हां मिळावयास 2016 साल उजाडलें. मधल्या 108 वर्षांत माणसें जन्मलीं, म्हातारीं झालीं, आणि विजय न पाहतां मेलीं. शेवटीं नव्या कारभाऱ्यांनीं संघ मुळापासून बांधावयास घेतला. जुने गडी देऊन त्यांच्या बदल्यांत कोवळे घेतले. 2012 सालीं तो संघ 162 सामन्यांपैकीं 101 हरला. तरी दरवर्षीं हिंवाळा सरतांना ॲरिझोनाच्या उबदार प्रांतीं सराव सुरू झाला कीं लोक नवीं पोरें पाहावयास जात. येथें कारभाऱ्यांचें कर्तव्य स्पष्ट आहे. जे लोकांपाशीं धीर मागतात त्यांनीं लोकांस सत्य सांगावें: ‘यंदा पीक नाहीं, यंदा पेरणी आहे.’ पेरणी न करितां जो वर्षानुवर्षें धीरच मागतो, त्याच्यापाशीं निष्ठेनें हिशेब मागण्यांत अधर्म नाहीं.

ज्या 1908 सालीं शिकागोचा तो जुना विजय झाला, त्याच सालीं जोसाया रॉइस या अमेरिकन तत्त्वज्ञान्यानें निष्ठेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या विचाराचें सार असें कीं, आपली निष्ठा अशी असावी कीं तिच्यामुळें जगांतील निष्ठा वाढावी, दुसऱ्याची मोडूं नये. या कसोटीवर 2022 चा तो पराभवच घासून पाहूं. मध्य प्रदेशाचे शिक्षक होते चंद्रकांत पंडित. ते स्वतः पूर्वीं मुंबईचे खेळाडू. 1998-99 सालीं मध्य प्रदेशाचे कर्णधार असतां ते बंगळूरच्या मैदानावर अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनीं त्याच मैदानावर त्यांच्या शिष्यांनीं करंडक जिंकला, आणि त्या प्रांताचें तें पहिलेंच यश. मुंबईच्या ज्या माणसाच्या मनांत दुःखाबरोबर या गृहस्थाविषयीं आदरही आला, त्याची निष्ठा निरोगी समजावी. ज्याच्या तोंडीं शिवीच आली, त्यानें आपलें प्रेम तपासून पाहावें.

निष्ठावंतांच्या हातून एक अन्याय मात्र वारंवार घडतो, आणि तो परक्यांवर नव्हे, आपल्याच पोरांवर घडतो. नव्या मुलाची फळी हातीं येते न येते तोंच त्यास पूर्वजांच्या मापानें मोजूं लागतात. ‘गावस्करांच्या काळीं असें नव्हतें, तेंडुलकर असता तर असें झालें नसतें.’ अहो, आंब्याच्या रोपापाशीं जुन्या आमराईची गोडी गाऊन रोप वाढत नाहीं. त्यास पाणी लागतें. वैभवाची आठवण ही वाढत्या मुलाच्या डोक्यावरची सांवली व्हावी, त्याच्या मानेवरचा धोंडा होऊं नये.

या मुलांनीं पुढें काय केलें तेंही सांगतों. फेब्रुवारी 2024 मध्यें बडोद्याविरुद्ध उपउपांत्य सामन्यांत मुंबईचा शेवटचा गडी खेळावयास आला, तो कल्याणचा तुषार देशपांडे. त्याचें काम गोलंदाजीचें. त्यानें व दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियननें मिळून 232 धावा जोडल्या. एकानें 123, दुसऱ्यानें नाबाद 120. दहाव्या व अकराव्या दोघांनींही एकाच डावांत शतक करावें असें प्रथम श्रेणीच्या क्रिकेटांत त्यापूर्वीं एकदांच, 1946 सालीं इंग्लंडांत सरवटे व बानर्जी यांच्या हातून घडलें होतें. पुढच्या सामन्यांत तमिळनाडूविरुद्ध 106 धावांवर 7 गडी बाद असतां पालघरच्या शार्दूल ठाकुरानें 109 धावा केल्या. आणि 14 मार्च 2024 रोजीं वानखेडे मैदानावर विदर्भाचा 169 धावांनीं पराभव होऊन आठ वर्षांनीं 42 वा करंडक घरीं आला.

तथापि वाचकहो, ‘पाहा, धीर धरला म्हणून फळ मिळालें’ असें म्हणून आम्ही येथें थांबत नाहीं. कारण तें पुरें सत्य नव्हे. आमच्या पुष्कळ वाचकांचीं खेडीं ज्या संघाच्या मुलखांत येतात, तो महाराष्ट्राचा संघ पाहा. प्रो. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं 1939-40 व 1940-41 या दोन सालीं त्यानें रणजी करंडक जिंकला. त्यानंतर 1970-71, 1992-93 आणि 2013-14 अशा तीन वेळां तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिन्ही वेळां हरला. 2024-25 च्या हंगामापर्यंत तिसरा करंडक आला नव्हता. मुंबईच्या मनुष्यास आठ वर्षें जड वाटलीं. पुण्यानगरच्या मनुष्यानें आयुष्य घालविलें. मग त्याची निष्ठा वायां गेली काय? निष्ठेचें मोल जर फळावरून ठरत असेल तर ती निष्ठा नव्हे, सौदा होय. जानेवारी 2014 मध्यें याच संघानें वानखेडेवर बलाढ्य मुंबईस हरविलें, तो आनंद खरा होता. आणि त्यानंतर अंतिम सामन्यांत कर्नाटकानें हरविलें म्हणून तो खोटा ठरला नाहीं.

खेळाच्या गोष्टीस इतका विस्तार कां, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. ज्या खेड्यांत रात्रीच्या शाळेस चारच मुलें येतात, जेथें मंडळींत दोनच घरें उरलीं आहेत, जेथील तरुण शहरास गेले आणि म्हाताऱ्यांवर काम पडलें, तेथील शिक्षकास नव्यानें बांधणाऱ्या संघाची दशा सांगावी लागत नाहीं. तेथें जिंकणाऱ्याचा सोबती उपयोगी पडत नाहीं. तेथें असा मनुष्य पाहिजे कीं जो सत्य पाहतो, सत्य बोलतो, दुसऱ्या गांवाच्या भरभराटीचा द्वेष करीत नाहीं, चार मुलांस पूर्वींच्या चाळिसांचे टोमणे देत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पुन्हां कंदील लावतो.

म्हणून पुढच्या हंगामाचा सराव सुरू होईल तेव्हां, ज्यांस खेळाची आवड आहे त्यांनीं आपल्या संघाच्या कोवळ्या मुलांचीं नांवें शिकून घ्यावीं. त्यांच्या हातून झेल सुटतील, तेव्हां थोडें गप्प बसावें. आणि आपल्याच घरांत, शेतांत व शाळेंत अशीं कोणतीं कोवळीं माणसें आपल्या धीराची वाट पाहत आहेत, याचा प्रत्येकानें विचार करावा.