पाच अब्जांचं पाप कुणाच्या माथी?

१९८० साली मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ या कॉमिकच्या १३५व्या अंकात, अंगात वैश्विक शक्ती शिरलेली जीन ग्रे भूक लागली म्हणून एक तारा गिळते. त्या ताऱ्याच्या उजेडावर जगणारे, शतावरीच्या कोंबासारख्या डोक्यांचे पाच अब्ज डबारी जळून खाक होतात. आणि ही जीन खलनायिका नव्हे, वाचकांची लाडकी नायिका आहे.

लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी आधी ठरवलं होतं की तिची शक्ती काढून घ्यायची आणि तिला जिवंत ठेवायचं. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले. एवढा संहार करून ती घरी कशी जाईल? शेवट बदलला. १३७व्या अंकात चंद्रावर, प्रियकर स्कॉटच्या डोळ्यांदेखत, जीन स्वतःवर शस्त्र रोखते आणि मरते. बाद झालेला शेवट पुढे १९८४ मध्ये छापला गेला. वाचायला हरकत नाही, पण तो फिका आहे.

या कथेची पडद्यावरची रूपं तपासताना पोशाख किती जुळला, नटी कशी दिसते, हे गौण. मी एवढंच बघतो, की त्या पाच अब्जांचं काय केलं?

फॉक्सच्या लहान मुलांच्या कार्यक्रमांत १९९४ मध्ये ही कथा चार भागांत आली. आपल्याकडे कार्टून म्हणजे पोरांना जेवताना लावून द्यायची वस्तू. पण कॉमिकच्या सर्वांत जवळ गेलं ते हेच. परग्रहावरचं साम्राज्य, त्याची राणी लिलँड्रा, चंद्रावरचं द्वंद्व, सगळं जागच्या जागी. कागदावर दिवाणखाना काढायला जी शाई लागते, तीच तारा काढायला. मात्र इथला तारा निर्मनुष्य निघतो! कुणी मेलंच नाही, मग जीनला मारायचं कशाला? सगळे मित्र आपापल्या आयुष्याचा थोडा वाटा देतात आणि ती उठून बसते. मुलांच्या कार्यक्रमाची अडचण समजते, पण कथेचा कणा तिथेच मोडला.

२००६ च्या ‘द लास्ट स्टँड’ या चित्रपटाला अंतराळात जायचंच नव्हतं. जीनच्या बालपणीच्या घरात तिचे गुरू प्राध्यापक झेव्हियर खुर्चीतून उचलले जातात, भिंती हादरतात, त्यांच्या कातडीचे कण सुटू लागतात. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा माया अधिक दिसते. पॅट्रिक स्ट्युअर्टसारखा नट आहे म्हणून हे जमतं. रेघेला हे सहजी साधणार नाही. पुढे मात्र जीन झालेल्या फॅम्के यान्सनला खलनायक मॅग्नेटोच्या बाजूला बराच वेळ मुक्याने उभं केलंय, आणि शेवटी तिला मारतो तो तिचा सहकारी वॉल्व्हरिन. कॉमिकमधली जीन स्वतःचा निवाडा स्वतः करते. इथे पाप बाईचं आणि दुःख मात्र पुरुषाचं. मला हे अजून खटकतं.

त्याच पटकथेचे एक लेखक सायमन किनबर्ग यांनी २०१९ मध्ये ‘डार्क फिनिक्स’ दिग्दर्शित केला. इथे डबारी आहेत, त्यांचा ग्रहही नष्ट झाला आहे, पण तो ग्रह त्या वैश्विक शक्तीने जाळला, तीही जीनच्या अंगात शिरण्याआधीच! म्हणजे गुन्हा आधी, गुन्हेगार नंतर. वर, मेलेल्यांच्या वारसांनाच खलनायक केलं. जीनच्या हातून मिस्टिक मरते ते खरं. पण अपघातात एक मैत्रीण गमावणं कुठे आणि भुकेपोटी सूर्य विझवणं कुठे. आगगाडीतली मारामारी चुरचुरीत आहे, एवढं म्हणून पुढे जाऊ.

दोष फक्त पडद्याला देऊन चालणार नाही. १९८६ मध्ये मार्व्हलला नव्या कॉमिक मालिकेसाठी जीन परत हवी होती. तेव्हा खुलासा आला, की तारा गिळणारी ती नव्हतीच. त्या शक्तीने तिचं रूप घेतलं होतं आणि खरी जीन न्यूयॉर्कच्या जमैका बे उपसागराच्या तळाशी कोशात निजली होती. लाडक्या पात्राच्या हाताला रक्त लागलेलं कुणालाच, अगदी त्याच्या मालकांनाही, सोसत नाही.

पडद्यावरच्या तिन्हींत डावं-उजवं करायचं तर मी ॲनिमेशनच्या बाजूने. निदान जीनने काय केलं आणि त्याचा जाब कुणी विचारला, हे तिथे दिसतं. पण १३५ ते १३७ हे तीन अंक मिळाले, तर आधी तेच वाचा.