खलाशी घरी जात नाही

2014 साली जुनी विक्रांत मुंबईच्या दारूखान्यात तोडायला घेतली, तेव्हा आपल्याकडे दोनच प्रश्नांवर शाई खर्च झाली. तिचे संग्रहालय का झाले नाही, आणि पुढे तिच्या पोलादातून मोटारसायकल निघाली ती अभिमानाची की लाजेची. त्याआधी 2006 मध्ये ‘क्लेमेन्सो’ ही फ्रेंच विमानवाहू नौका गुजरातेत जहाजे मोडतात त्या अलंगच्या वाटेवर होती, तेव्हा ॲस्बेस्टॉसचे नाव घरोघरी पोचले. राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती परत बोलावली, आपण जिंकल्याचा आनंद झाला आणि विषय मिटला. ॲस्बेस्टॉस हा परदेशी कचरा असतो आणि तो जहाज मोडताना बाहेर पडतो, एवढीच शिकवण त्या वादातून उरली. मोडायला येण्याआधी ते जहाज तीस-पस्तीस वर्षे चालत असते आणि त्याच्या पोटात माणसे राहत असतात, याची चर्चा कोणी केली नाही.

जहाजावर राहणाऱ्या माणसांचा हा प्रश्न अलंगपेक्षा कोलकात्यात नीट दिसतो. खिदिरपूरच्या डॉकमधून ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर आगवाले, तेलवाले, कोळसेवाले चढत. ते बहुतेक सिल्हेट, नोआखालीकडचे. मुंबईहून डेकवर जाणारे सारंग आणि खलाशी आमच्या रत्नागिरीकडचे, तर कोलकात्याच्या माणसाच्या वाट्याला बहुधा बॉयलरचे तोंड. त्याच हुगळीच्या काठी गार्डन रीचच्या गोदीतून 1961 मध्ये स्वतंत्र भारतातली पहिली युद्धनौका ‘अजय’ बाहेर पडली. 1987 मध्ये रणगाडे आणि सैनिक वाहणारी ‘मगर’ आली, 2000 मध्ये ताफ्याला तेल-रसद पुरवणारी ‘आदित्य’. तोफा-क्षेपणास्त्रांच्या कौतुकात ही ओझेवाहू जहाजे मागे राहतात, त्यांवरची माणसे तर आणखीच मागे.

वाफेच्या जहाजाचे इंजिनघर म्हणजे नळांचे रान. प्रत्येक नळावर लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे वेष्टण. त्याचे जुने मिश्रण 85 टक्के मॅग्नेशिया आणि 15 टक्के ॲस्बेस्टॉस असे. ते पाण्यात कालवून थापायचे, वर कॅनव्हास शिवायचे आणि रंग मारायचा. भर समुद्रात फ्लँज, म्हणजे नळांचा जोड, गळू लागला की तेच कॅनव्हास सुरीने फाडायचे, लगदा हाताने ओरबाडायचा, आतले जळून चिकटलेले गॅस्केट पात्याने खरवडायचे आणि तारेच्या ब्रशने घासायचे. गॅस्केटही ॲस्बेस्टॉसचे, व्हॉल्व्हच्या ग्लँडमध्ये कोंबायची दोरीही त्याचीच. नाकावर फार तर गळ्यातला रुमाल. मग फरशी झाडायची आणि जेवायला जायचे.

आता त्या मताकडे वळतो, जे मला सर्वांत घातक वाटते, कारण ते शहाणपणासारखे दिसते. मत असे: ॲस्बेस्टॉस जागच्या जागी पक्का बसलेला असेल, त्याला कोणी हात लावत नसेल, तर त्याचा धोका नाही. शाळेच्या धड छपराबाबत यात काही तथ्य आहे, हे मी मान्य करतो. पण हे मत मांडणाऱ्यांनी छप्पर पाहून बोट ठरवली आहे. बोटीवर न हललेली वस्तू दाखवा. इंजिन रात्रंदिवस थरथरत असते. नळ तापतात, निवतात, पुन्हा तापतात, आणि लॅगिंगला भेगा पडतात. दुरुस्ती हा तिथे अपवाद नाही, तो रोजचा दिनक्रम आहे. उडालेली धूळ ब्लोअर फिरवत राहतो. ‘हात लावू नका’ हा सल्ला ज्याला दिला, त्याची नोकरीच हात लावण्याची आहे. बरे, ज्याने हात लावला नाही त्याचे काय? इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीत 1960 च्या दशकात पीटर हॅरिस या डॉक्टरने तपासणी केली, तेव्हा आजारी पडलेल्यांत लॅगिंगला कधी हात न लावलेले शेजारचे कारागीरही होते. मग ‘जागच्या जागी सुरक्षित’ नेमके कोणासाठी?

बाकीचे आक्षेप किरकोळ आहेत. ‘ते विड्या ओढायचे’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे, की मेसोथेलिओमाचा, म्हणजे ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगाचा, विडीशी संबंध नाही. बंदी मागणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण फुप्फुसात रुतलेला ॲस्बेस्टॉसचा तंतू बंदीने बाहेर येत नाही.

माझ्या मते सारा प्रश्न एका फरकावर येऊन थांबतो. ॲस्बेस्टॉसजवळ काम करणारा माणूस वेगळा आणि ॲस्बेस्टॉसजवळ राहणारा वेगळा. गोदीतला कामगार पाळी संपली की गार्डन रीचच्या फाटकातून बाहेर पडतो. खलाशी त्याच नळांखालच्या बंकवर झोपतो. कामगाराच्या सुरक्षेचे गणित आठ तासांच्या पाळीवर बांधलेले आहे. चोवीस तासांच्या माणसासाठी गणितच मांडलेले नाही.

कायद्याने तर हा फरक उलटा केला. 1948 च्या कारखाना कायद्यात जहाजबांधणी, दुरुस्ती आणि जहाज मोडणे हे सगळे आले, पण सशस्त्र दलांची फिरती युनिटे ‘कारखान्या’च्या व्याख्येतून वगळली गेली. 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीत ॲस्बेस्टोसिस होता, मात्र सशस्त्र दलाचा माणूस ‘कामगार’ नव्हता. 2020 च्या संहितांनीही नौदल कायद्याखालच्या माणसाला बाहेरच ठेवले. आंतरराष्ट्रीय नियमांनी 2002 पासून नव्या ॲस्बेस्टॉसवर बहुतांश आणि 2011 पासून पूर्ण बंदी आणली, ती व्यापारी जहाजांवर. जून 2025 मध्ये अमलात आलेल्या, जहाजे मोडण्याविषयीच्या हाँगकाँग करारातूनही युद्धनौका आणि नौदलाची साहाय्यक जहाजे वगळलेली आहेत. म्हणजे युद्धनौकेवरचा एकच नळ गोदीत उघडला तर उघडणाऱ्याला कायदा आहे, समुद्रात उघडला तर नाही.

अमेरिकी नौसैनिकांनाही सरकारवर दावा लावता येत नाही. म्हणून दोन नौसैनिकांच्या कुटुंबांनी यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचले. कंपन्या म्हणाल्या, आम्ही नुसते धातूचे पंप विकले, ॲस्बेस्टॉस नौदलाने गुंडाळला. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव सरसकट मान्य केला नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ॲस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला होता: प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांतला जो काळ नंतर संपेल तोवर जपा. हा आजार वीस-चाळीस वर्षांनी उगवतो, म्हणून. तोच आदेश जहाजाला लागू करायला नवे विज्ञान लागत नाही. कोणता नौसैनिक कोणत्या जहाजावर, कोणत्या कप्प्यात, किती काळ होता, एवढे लिहायचे आणि निवृत्तीनंतर त्याच्या छातीची तपासणी सरकारी खर्चाने करायची. नौदलाने ही नोंद आजपासून सुरू करावी.

व्यापारी बोटींवरच्या माणसाकडे निम्मी नोंद आधीच आहे, त्याच्या सीडीसीत, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची नोंद असलेल्या पुस्तिकेत. तुमच्या घरी कोणी इंजिनघरात नोकरी केली असेल आणि आता त्यांना जिना चढताना धाप लागत असेल, तर ट्रंकेतली ती जुनी सीडीसी काढा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. डॉक्टर विडीबद्दल विचारतील, बोटीबद्दल तुम्हीच सांगा.