न घेतलेल्या घराचं ब्रोकरेज

पुण्यात रीसेलचं घर घ्यायचं तर एजंटचा हिशेब सोपा असतो. व्यवहार झाला की ठरलेला टक्का, साधारण एक ते दोन. नाही झाला तर शून्य. त्यामुळे मधेच एजंट बदलण्यात काही नैतिक प्रश्न असेल असं कुणाला वाटत नाही. लोक रिक्षा बदलावी तसा बदलतात. मीही बदलला. बदलण्याबद्दल मला खंत नाही, पण हिशेबात काय धरलं जातं आणि काय सुटतं ते मात्र खटकत राहिलं.

पहिले एजंट पन्नाशीचे, कोथरूड-कर्वेनगर सोडून कुठे काम न करणारे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम. चार महिन्यांत त्यांनी सतरा फ्लॅट दाखवले. त्यातले दोन मला मनापासून आवडले होते, आणि दोन्ही वेळा मोडता त्यांनीच घातला. एका इमारतीला भोगवटा पत्र नव्हतं. 'आज घ्याल मॅडम, उद्या विकताना अडकाल.' दुसऱ्या फ्लॅटच्या कागदपत्रांत मधल्या एका मालकाचं खरेदीखतच सापडत नव्हतं. इंडेक्स टू कसा वाचायचा, सेलेबल एरियातून कार्पेट किती उरतो, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये कुठे लपतो, हे सगळं मी त्यांच्याकडून चहाच्या टपरीवर शिकले.

पण माझ्या बजेटात तिथे लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींपलीकडे काही बसेना आणि आईला तिसरा मजला चढणं शक्य नाही. वाकडला वळले, तिथला एजंट वेगळा. तिसऱ्याच फ्लॅटला काम झालं. इतक्या लवकर झालं, कारण काय विचारायचं आणि कुठे उठून यायचं हे मला आधीच ठाऊक होतं. ब्रोकरेज पूर्ण वाकडला गेलं. (आमच्याकडेही हेच. बग शोधताना एक जण तीन दिवस शक्यता बाद करत बसतो, शेवटी दुसरा कुणी एक ओळ बदलतो. कमिटवर नाव दुसऱ्याचं.)

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. भारतीय करार कायदा, 1872. त्याचं कलम 219 सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. म्हणजे मी मोकळी. पण त्याच कायद्यात कलम 70 आहे: कुणी तुमच्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, फुकट करायचा त्याचा हेतू नव्हता आणि तुम्ही फायदा घेतलात, तर भरपाई द्यायला हवी. काकांच्या बाबतीत ते कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही. पण प्रश्न नेमका तोच आहे. फायदा झाला का? झाला. दोन चुकीची घरं टळली. फक्त टळलेल्या घराची किंमत नसते, त्यामुळे त्याचा टक्काही काढता येत नाही.

एजंटला पैसे फक्त होकाराचे मिळतात. रीसेलमध्ये तो बहुधा दोन्ही बाजूंकडून घेतो, म्हणजे प्रत्येक 'नको' त्याला दुप्पट महाग. तरी जो 'नको' म्हणतो तो स्वतःच्या खिशातून म्हणतो. आणि आपण गिऱ्हाईकं त्याच्याच प्रामाणिकपणामुळे रिकाम्या हातांनी राहतो, कंटाळतो आणि दुसरा गाठतो. जुन्या बलुतेदारीत सुताराला कामागणिक पैसे नव्हते, सुगीला धान्याचा वाटा मिळायचा. पण मग सुतार बदलायचीही सोय नव्हती, त्याचं ते वतन होतं, आणि जातीच्या उतरंडीत तोही अडकलेला. तसली सुरक्षितता कुणी परत मागू नये. मला बदलायची मोकळीक हवीच आहे. फक्त त्या मोकळिकीचा खर्च पूर्णपणे दुसऱ्यानेच का भरावा?

घर दाखवायची फी ठेवावी, असं एक मित्र म्हणाला. मग सतराऐवजी सत्तर दाखवतील.

गंमत म्हणजे 'नको'चे पैसे आपण देतोच, सांगणारा काळ्या कोटातला असला की. वाकडच्या फ्लॅटचा 30 वर्षांचा टायटल सर्च वकिलांनी केला. त्यांची फी आधीच ठरली होती. अहवाल वाईट आला असता तरी तेवढीच दिली असती, वर आभार मानले असते. काकांनी दोनदा तेच सांगितलं होतं, कागद हातात धरून. पण ते एजंट. त्यांच्या तोंडून आलं की तो सल्ला नसतो, बोलण्याच्या ओघात कळलेली माहिती असते.

म्हणून मी त्यांना फोन करून घर झाल्याचं सांगितलं आणि वकिलांना दिली तेवढीच रक्कम देऊ केली. आकडा कसा काढला तेही सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते.

'ती वकिलांची फी झाली मॅडम,' ते म्हणाले. 'माझा व्यवहार कुठे झालाय?'