निष्कारण प्रेमाची बाजू

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’विषयी एक मत इतके रूढ झाले आहे की ते पुन्हा तपासून पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. प्रेम चंचल असते, प्रेमाला बुद्धी नसते आणि नाटककाराने एका रात्रीच्या गोंधळातून या दोन्हींची गंमत दाखवली, असे ते मत. यातल्या पहिल्या दोन विधानांची जोडी मला मान्य नाही. चंचल असणे वेगळे आणि कारणाविना असणे वेगळे. नाटक बारकाईने वाचले तर या दोन गोष्टी चक्क एकमेकींच्या विरोधात उभ्या दिसतात. ज्यांचे प्रेम डळमळते त्यांच्यापाशी कारणे तयार असतात. ज्यांचे टिकते त्यांना कारण सांगताच येत नाही.

हे नाटक १५९५-९६च्या सुमारास लिहिले गेले आणि १६०० साली छापले गेले. त्याची सुरुवात एका फिर्यादीने होते. इजिअस हा अथेन्समधला बाप आपल्या मुलीला, हर्मियाला, ड्यूक थिसिअससमोर उभी करतो. तिने डिमीट्रिअसशी लग्न करावे असा त्याचा हुकूम आहे आणि तिचे मन लायसँडरवर आहे. अथेन्सच्या कायद्यानुसार बापाचे न ऐकणाऱ्या मुलीला मरण तरी पत्करावे लागते, नाहीतर डायना देवीच्या सेवेत जन्मभर कुमारिका राहावे लागते. निर्णयासाठी तिला पुढच्या अमावास्येनंतरची चंद्रकोर दिसेपर्यंतची, म्हणजे चार दिवसांची, मुदत मिळते.

इजिअसचा आरोप काय, तर लायसँडरने मुलीवर जादू केली. पुरावा म्हणून तो कविता, केसांच्या गोफाची कंकणे, अंगठ्या, फुलांचे गुच्छ, मिठाई अशी यादी वाचतो. चांदण्यात खिडकीखाली येऊन गाणी म्हटली, हेही त्यात येते. आपल्या मुलीला स्वतःचे मन असू शकते ही कल्पनाच त्याला शिवत नाही. ती बदलली म्हणजे कुणीतरी तिला बदलवले, एवढेच त्याला समजते. लायसँडर उत्तरादाखल सांगतो की कुळात आणि संपत्तीत मी डिमीट्रिअसच्या बरोबरीचा आहे. शेक्सपिअरने हे मुद्दाम केले असावे असे मला वाटते. दोन तरुणांमध्ये त्याने डोळ्यांत भरेल असा फरकच ठेवलेला नाही. नाटक वाचून झाल्यावर दोघांपैकी कुणाच्या तोंडी कोणते भाषण होते हे आठवताना कित्येकांचा गोंधळ उडतो. मग हर्मियाने एकाला नाकारून दुसऱ्याला का निवडावे? ती कारण देत नाही. वडिलांनी माझ्या नजरेने पाहायला हवे होते, एवढेच म्हणते. त्यावर थिसिअसचे उत्तर असे की तुझ्या नजरेने वडिलांच्या विवेकाप्रमाणे चालावे. कारण नसलेली निवड आणि सत्ता असलेला विवेक, असा हा सामना आहे.

आता रानातल्या प्रसंगाकडे येऊ. लायसँडर आणि हर्मिया पळून रानात आले आहेत, त्यांच्या मागावर डिमीट्रिअस आहे आणि त्याच्या मागे त्याच्यावर प्रेम करणारी हेलेना. पऱ्यांचा राजा ओबेरॉन एका जांभळ्या फुलाचा रस आणवतो. तो झोपलेल्याच्या पापण्यांवर पिळला की जाग आल्यावर जो पहिला जीव दिसेल त्याच्यावर मन जडते. त्याचा सेवक पक चुकीच्या माणसाच्या डोळ्यांत रस घालतो आणि लायसँडर जागा होतो तो समोर हेलेनाला पाहून. या क्षणी त्याने काय बोलावे अशी आपली अपेक्षा असते? मला काय झाले कळत नाही, असे काहीतरी. पण तो वेगळेच बोलतो. माणसाची इच्छा बुद्धीच्या ताब्यात असते आणि माझी बुद्धी सांगते की तुम्हा दोघींत हेलेनाच अधिक योग्य आहे, असा सरळ युक्तिवाद तो मांडतो. आजवर मी वयाने कच्चा होतो, आता माझी समज पिकली, असेही सांगतो. हर्मियाला डोमकावळ्याची आणि हेलेनाला पांढऱ्या पारव्याची उपमा देऊन ही अदलाबदल कोण करणार नाही, असे विचारतो. पुढे याच हर्मियाला तो तिच्या सावळ्या रंगावरून आणि ठेंगणेपणावरून हिणवतो. रसाने पूर्ण भारलेला हा माणूस संपूर्ण नाटकात बुद्धीचे नाव सर्वाधिक ठामपणे घेतो.

या प्रवेशात नाटकाचा गाभा आहे. ‘अधिक योग्य’ म्हणून ज्याने प्रेम केले, त्याने त्याहून अधिक योग्य कुणी भेटले की निघून जाण्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. गुणांची बेरीज करून केलेली निवड मोठी बेरीज दिसताच मोडायला हवी. बुद्धीला प्रामाणिक राहायचे तर दुसरा मार्गच नाही. म्हणून लायसँडरच्या चंचलपणात तर्काचा अभाव नाही, उलट नको तिथे घुसलेला तर्क आहे. लग्नाच्या जाहिरातींत रंग, उंची, शिक्षण, पगार यांचे रकाने भरताना आपणही हीच भाषा वापरतो आणि तिला व्यवहारी शहाणपण म्हणतो. घर चालवायला काही गोष्टी पाहाव्या लागतात, ते मी नाकारत नाही. पण त्या रकान्यांतून जे हाती येते ते टिकाऊ आणि मनाच्या ओढीतून जे येते ते क्षणिक, ही समजूत या नाटकापुढे उभी राहू शकत नाही.

मात्र कारणाविना टिकणारे प्रेम सुंदरच असते असेही शेक्सपिअर म्हणत नाही. हेलेना हा त्याचा कठोर दाखला आहे. डिमीट्रिअसने आधी तिच्याशी आणाभाका घेतल्या आणि मग हर्मियाकडे वळला. तो कसा आहे हे तिला पुरते ठाऊक आहे. तरीही त्याच्या मागे जाण्याची एक संधी मिळावी म्हणून ती जिवाभावाच्या मैत्रिणीचे पळून जाण्याचे गुपित त्याला सांगून टाकते. रानात त्याच्यापुढे आपल्या कुत्र्यासारखे मला वागव म्हणण्यापर्यंत खाली येते. पुढे त्याच रात्री ती हर्मियाला लहानपणची आठवण देते. एकाच उशीवर बसून, एकाच कापडावर, दोघींनी मिळून एकच फूल भरले होते. हे भाषण वाचताना मला दरवेळी टोचते, कारण विश्वासघात हेलेनाने आधीच केलेला आहे. निष्ठा एका माणसाकडे वळली की दुसऱ्या निष्ठेचा बळी घेऊ शकते, हे शेक्सपिअर लपवत नाही.

पण सगळ्यात मोठा अन्याय तरुणांवर होत नाही, तो ओबेरॉनच्या राणीवर, टायटानियावर होतो. तिचे आणि ओबेरॉनचे भांडण एका हिंदुस्थानी मुलावरून आहे. त्या मुलाची आई टायटानियाची भक्त होती. हिंदुस्थानच्या मसाल्यांच्या वासाने भरलेल्या हवेत, समुद्राच्या पिवळ्या वाळूवर दोघी बसत आणि वाऱ्याने फुगलेली जहाजांची शिडे पाहून हसत. ती बाई बाळंतपणात गेली. तिच्यासाठी म्हणून टायटानिया मूल वाढवते आहे आणि सबंध परीराज्य दिले तरी ते द्यायला तयार नाही. इथेही गुणांची तुलना नाही. मेलेल्या मैत्रिणीशी असलेले नाते आहे, बस्स. ओबेरॉनला मूल हवे आहे, म्हणून तो बायकोच्या डोळ्यांत रस घालतो, तिला गाढवाचे डोके लागलेल्या बॉटम या विणकराच्या नादी लावतो आणि ती भुललेली असताना मूल मागून घेतो. ते हाती आल्यावर त्याला तिची दया येते. जागी झाल्यानंतर टायटानिया त्या मुलाचे नावही काढत नाही. प्रेम बुद्धीविना असते म्हणून हे घडलेले नाही. एका पुरुषाने थंड डोक्याने, हिशेब करून ते घडवून आणले. १९७०च्या प्रसिद्ध प्रयोगात दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी थिसिअस आणि ओबेरॉन या दोन्ही भूमिका ॲलन हॉवर्ड या एकाच नटाला दिल्या होत्या. आपण ब्रूक यांना मुख्यतः ‘महाभारता’मुळे ओळखतो, पण दिवसाचा कायदा आणि रात्रीची जादू एकाच माणसाच्या हातात देणारा हा निर्णयही तितकाच मोलाचा आहे.

आणि बॉटम! टायटानिया त्याच्या रूपाची स्तुती करून प्रेमाची शपथ घेते, तेव्हा तो शांतपणे सांगतो की तसे वाटायला तुम्हाला फारसे कारण नाही. आजकाल बुद्धी आणि प्रेम यांची फारशी संगत नसते. ज्याच्या धडावर गाढवाचे डोके आहे त्यालाच एवढे कळते, कारण त्याला काही सिद्ध करायचे नाही.

रात्री डिमीट्रिअसच्या डोळ्यांतही रस पडला आणि तो हेलेनाकडे वळला. सकाळ होते. लायसँडरच्या डोळ्यांतली जादू उतरवलेली आहे, डिमीट्रिअसच्या मात्र तशीच ठेवलेली आहे. थिसिअससमोर डिमीट्रिअस म्हणतो की कोणत्या शक्तीने मला बदलले ते मला ठाऊक नाही, पण हर्मियावरचे माझे प्रेम वितळून गेले. हे ऐकताच थिसिअस इजिअसचा हट्ट झिडकारतो आणि दोन्ही लग्ने लावून देतो. पहिल्या अंकात जो कायदा आपल्याला सैल करता येत नाही असे तो बजावत होता, तो आता एका वाक्यात बाजूला पडतो. हर्मियाच्या ठामपणाने कायदा हलला नव्हता, मरणाची भीती असूनही ती ठाम होती तरी नाही. डिमीट्रिअसचे मन फिरताच तो हलला. तिच्या न बदललेल्या प्रेमाला जादू म्हटले गेले, आणि जादूने बदललेल्या त्याच्या मनाला आजारातून उठलेल्या माणसाची पुन्हा आलेली भूक असे नाव तो स्वतः देतो आणि सगळे ते मानतात. इजिअस तर १६००च्या प्रतीत यानंतर पुन्हा दिसतच नाही; १६२३च्या फोलिओत मात्र त्याला शेवटच्या अंकात आणून समारंभाच्या व्यवस्थापकाची बरीच वाक्ये दिली आहेत.

या अन्यायाचे उत्तर शोधायला अथेन्सला जावे लागत नाही. सज्ञान व्यक्तीने आपला जोडीदार निवडणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या हक्काचा भाग आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. या भूमिकेचे मोठेपण मला असे दिसते की ती निवडीचे कारण मागत नाही. निवड शहाणपणाची आहे का, घरच्यांना पटते का, हे प्रश्न तिथे येतच नाहीत. तरीही मुलीने स्वतः ठरवले की तिला कुणीतरी फूस लावली असे म्हणणारे इजिअस आपल्या गावागावांत आहेत, आणि मुलीचे प्रेम अविचारी ठरवताना ते स्वतःला विचारी समजतात.

पाचव्या अंकात थिसिअस वेडा, प्रेमी आणि कवी यांना एका रांगेत बसवून रात्रीची सारी हकिकत कल्पनेचा खेळ म्हणून झटकतो. हिपॉलिटा, जिला त्याने तलवारीच्या बळावर जिंकून आणले, ती त्याला खोडून काढते. चौघांची मने एकाच वेळी अशी पालटली, याअर्थी यात नुसत्या भासापलीकडचे, एकमेकांशी जुळणारे काहीतरी आहे, असे ती म्हणते. मी हिपॉलिटाच्या बाजूने आहे. याच अंकात, लग्नसमारंभात बॉटम आणि त्याच्या सोबतच्या कारागिरांचे नाटक चालू असताना लायसँडर आणि डिमीट्रिअस टवाळीत सामील होतात. हर्मिया आणि हेलेना यांच्या तोंडी एकही वाक्य नाही. आपल्या नवऱ्याच्या डोळ्यांत अजून रस आहे हे हेलेनाला कधीच कळणार नाही. पण पहाटे रानातच तिने बोलून ठेवले आहे की डिमीट्रिअस मला वाटेत सापडलेल्या दागिन्यासारखा मिळाला आहे, माझा आहे आणि नाहीही. तो तिच्याकडे का परतला हे तिने विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्याच्यापाशी उत्तर नव्हते. आदल्या रात्री लायसँडरने दिलेल्या त्या भरघोस उत्तरानंतर मला डिमीट्रिअसचे हे न-उत्तर अधिक विश्वासाचे वाटते, त्याच्या डोळ्यांत रस असूनही.